उशिरा पोचणारी टाळी

रविवारी दुपारी अडीचच्या सुमाराला मी जेवणाचं टेबल पुसून घेतो, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करतो आणि शर्टाचं वरचं बटण लावतो. बटणाला तसं काही कारण नाही. एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवली, पोरांसमोर उघड्या गळ्याने कधी उभा राहिलो नाही, ती सवय आहे. आता समोर येणारं पोर एकच. चार वर्षांची माझी नात, आणि तीही जर्मनीत. तिकडे तेव्हा सकाळ असते. ती नुकती दूध पिऊन आलेली असते आणि ओठावर पांढरी मिशी तशीच असते.

बाकीचे सहा दिवस घर फार शांत असतं. जळगाव रोडच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मुलगा वाळूजला कारखान्यात इंजिनीअर होता तेव्हा त्याने घेतला. मी निवृत्त झाल्यावर आम्ही नवरा-बायको सिल्लोडहून इथे आलो, म्हणजे तिच्या दवाखान्याच्या फेऱ्या सोप्या होतील. फेऱ्या सोप्या झाल्या, पण फार दिवस कराव्या लागल्या नाहीत. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. मुलगा त्याच्या आधीच तिकडे गेला होता. आता सकाळी चहा गाळतो तर त्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. भिंतीपलीकडे एक बाई राहतात, घरी शिवणकाम करतात. त्यांचं मशीन सुरू झालं की मला बरं वाटतं. हे त्यांना मी कधी सांगितलेलं नाही.

लहान मुलांशी खेळणं हा माझा प्रांत नव्हे. माझ्याकडे मुलं यायची ती पाचवीच्या पुढची, आणि यायची ती रांगेत. मी पटांगणाच्या टोकाला टेबलावर उभा राहून ढोल वाजवायचो, गळ्यात शिट्टी, आणि समोर तीनशे लेझमी एकदम वाजल्या पाहिजेत. एक जरी मागे पडली तरी ती मला भातातल्या खड्यासारखी लागायची. घरी आल्यावरही डोक्यात तेच चालू असायचं. बायको म्हणायची, "तुम्ही बोलत नाय, नुसतं मोजता." भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबला की मी मान वर करून बघायचो, एवढं ते खरं होतं.

तिच्या वर्षश्राद्धाला मुलगा, सूनबाई आणि नात आली. नात तेव्हा दोन वर्षांची होती. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेले, भटजी सांगतायत, आणि ही स्वयंपाकघरात फतकल मारून परातीवर उलथनं हाणतेय. मी तिला गप्प करायला आत गेलो. "गप बस" अगदी ओठावर आलं होतं. पण का कोण जाणे, मी खाली बसलो आणि तिच्या दोन ठोक्यांच्या मध्ये एका डब्यावर बोटाने टिचकी मारली. ती थांबली. माझ्याकडे बघितलं. परत एक ठोका दिला आणि थांबली. मी टिचकी मारली. मग तिने ठोका दिला आणि उलथनं हवेत धरून माझी वाट बघत राहिली. एवढीशी पोर, पण तिला कळलं होतं की आता पाळी आबाची. बायको गेल्यानंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसलो, आणि तेही तिच्या श्राद्धाच्या दिवशी. भटजींनी आत डोकावून बघितलं असावं.

पुढचे आठ दिवस आम्ही घरातलं एक भांडं सोडलं नाही. डबे कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं. साबुदाणा कसा सळसळतो, शेंगदाणे कसे खडखडतात, तूरडाळ त्यांच्या मध्ये कुठेतरी. पेल्यांत कमी-जास्त पाणी भरून चमच्याने वाजवायचं. टाचेवर चालायचं, चवड्यावर चालायचं, आणि आजोबा कुठल्या खोलीत गेले ते डोळे मिटून सांगायचं. हे खेळ मला कोणी शिकवले नव्हते. ती एक करायची, मी त्याला दुसरं जोडायचो. माझ्या स्वतःच्या मुलाशी मी असं एकदाही खेळलो नव्हतो, हे त्या आठ दिवसांत मनात आलं होतं. आलं आणि गेलं.

ते परत गेल्यावर रविवारचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. त्यात आमचा भाजीचा खेळ ठरला. मी भाजीचं नाव घ्यायचं, तिने ते नाव म्हणताना जितके ठोके पडतील तेवढ्या टाळ्या वाजवायच्या. मेथीला दोन, बटाट्याला तीन, शेवग्याच्या शेंगेला चार. शेवग्याची शेंग तिने तिकडे कधी बघितलेली नव्हती, तरी तिला तीच सगळ्यांत आवडायची, कारण टाळ्या जास्त. रविवार यायचा तो त्या शेंगेसाठी. सोमवारी सकाळपासून मी पुढच्या रविवारच्या भाज्या मनात जमवायला लागायचो. मंडईत एक पिशवीभर भाजी घ्यायची तर मी अर्धा तास फिरायचो आणि ठेल्यावरची नावं बोटांवर मोजायचो. भाजीवाल्याला वाटायचं म्हातारा भाव करतोय.

ती चार वर्षांची झाली आणि मला वाटलं, आता पोर मोठी झाली, आता एकत्र वाजवायचं. मी आणि ती, एकाच वेळी, बरोबर. तिथे घोटाळा सुरू झाला.

ती दर वेळी मागे पडायची. मी मेथी म्हणून दोन टाळ्या द्याव्यात, त्या संपल्यावर तिच्या दोन याव्यात. "आबाबरोबर, बाळा," मी सांगायचो. ती जिभेचं टोक बाहेर काढून, डोळे मोठे करून माझ्या हातांकडे बघायची आणि परत मागेच. मी हळू केलं, तरी तेच. चार रविवार मी शिकवलं. चौथ्या रविवारपर्यंत माझा आवाज बदललेला होता. "लक्ष कुठंय तुझं? मागं पडतेस तू." हा आवाज पटांगणावरचा. तो निवृत्तीबरोबर गेला असं मला वाटत होतं, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

पाचव्या रविवारी मी हसत हसत मुलाला म्हणालो, "हिला तालाचं अंग नाय रे. तुझ्यावर गेली."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पोरगी त्याच्या मांडीवरच बसली होती. तिने मान वर करून बापाच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मुलाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो तिकडे थंडी किती पडली ते सांगू लागला. मला वाटलं, गंमत गंमतीच्या जागी गेली.

"तुझ्यावर गेली" म्हणण्याला कारण होतं. मुलगा सहावीत असताना माझ्याच शाळेत होता. शाळेत मला 'सर' म्हणायचं, हा नियम मी केलेला. अंगाने बुटका, उंचीप्रमाणे लेझमीच्या पहिल्या रांगेत यायला हवा होता. पण पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर सरांचा पोरगा, म्हणजे गावाला बोलायला विषय. म्हणून मी त्याला शेवटच्या रांगेत घातला, पार कुंपणाजवळ. उंच पोरांच्या मागे तो मला दिसायचाही नाही. त्या रांगेच्या लेझमी दर वेळी मागून यायच्या, आणि त्या रांगेतली चार-पाच पोरं मी दर वर्षी बाहेर काढायचो. त्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या आठवडाभर आधी मी शिट्टी मारून सगळी शाळा थांबवली, माझ्या पोराला नाव घेऊन पुढे बोलावलं आणि लिंबाच्या झाडाखाली उभं केलं. "तुला तालाचं अंग नाय," असं तीनशे पोरांसमोर म्हणालो. मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता. आपला-परका केला नाही, म्हणून. हेडमास्तरांनी पाठ थोपटली.

त्यानंतर तो लेझमीच्या वाटेला गेला नाही. त्याच्या लग्नाच्या वरातीत बँडपुढे मित्र घामाघूम होऊन नाचत होते. त्यांनी नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढलं, तर हा मधोमध हाताची घडी घालून उभा राहिला. मी तेव्हा बायकोला म्हणालो होतो, लाजाळू आहे.

पुढच्या रविवारी नात फोनवर आली नाही. "खेळतेय आत," सूनबाई म्हणाल्या. त्याच्या पुढच्या रविवारी झोपली होती, तिकडच्या सकाळी दहा वाजता. तिसऱ्या रविवारी तिचा नुसता बूट दिसला, दारातून पळताना. मी साखरेच्या डब्यासमोर बसून मुलाशी हवेचं बोललो, पेट्रोलचं बोललो, आणि फोन ठेवल्यावर अजून दहा मिनिटं तिथेच बसून राहिलो. वरचं बटण काढायचंही सुचलं नाही.

मग एका गुरुवारी मुलाचा फोन आला. गुरुवारी तो कधी करत नाही.

"अण्णा, ती टाळ्याच वाजवत नाय आता," तो म्हणाला. "बालवाडीत पण नाय. गाणं लागलं की हात मांडीखाली घालून बसती. बाई म्हणाल्या, घरी काय झालं का."

मला आधी रागच आला. खरं ते सांगतो. मी म्हणालो, "एवढ्याशा बोलण्याचं काय मनाला लावून घ्यायचं? मी शेकडो पोरांना बोललो असंल."

तो म्हणाला, "अण्णा, तिला तरी झाडाखाली नका उभी करू." आणि कामाचं काहीतरी सांगून त्याने फोन ठेवला.

मी त्या संध्याकाळी स्वयंपाक केला नाही. दुधात चपाती कुस्करून खाल्ली आणि लवकर पडलो. डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं, लांबच्या देशातल्या कुठल्यातरी खोलीत बाकीची पोरं टाळ्या पिटतायत आणि माझी नात स्वतःच्या हातांवर बसलीय. ते हात मी पाहिले होते, परातीवर. ते मी बंद केले. चार वर्षांच्या पोरीचे. माझ्याजवळ तिच्यासाठी दुसरं काही नव्हतं, तेवढा एक खेळ होता, आणि त्यातच मी माती कालवली.

रविवारी शेजारच्या बाई उंबऱ्यावर आल्या. "काका, टाळ्या बंद झाल्या का हो? मला तर टाळ्यांवरनं कळायचं, आज रविवार हाय म्हणून."

मला कोणाला तरी सांगायचंच होतं. मी सगळं सांगितलं. पोरगी मागे पडते, हे सांगितल्यावर त्या मला मध्येच थांबवून म्हणाल्या, "काका, पोरगी कशाला मागं पडंल? फोनच मागं पडतो. माझी बहीण पुण्याला हाय. आम्ही दोघी फोनवर आरती म्हणतो, तर तिची अर्धी ओळ माझ्या ओळीवर येती. लई गोंधळ."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो.

त्यांना ते लागलं असावं. "थांबा, दाखवते," म्हणाल्या आणि घरी गेल्या. दोन मिनिटांनी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. फोन शिलाई मशीनच्या फळीवर ठेवलेला दिसला, आणि त्यांनी पाय चालवला.

भिंतीतून मशीनची टकटक आली. ती मला रोजची पाठ. आणि तिच्या मागून, फोनमधून, तीच टकटक पुन्हा आली. बाईंनी पाय थांबवला. भिंतीतलं मशीन थांबलं, फोनमधलं अजून दोन टाके घालून मग थांबलं.

"बघितलं का?" त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, आणि मग फोनमधून म्हणाल्या.

मी त्यांना सांगितलं, आता माझ्या हातांकडे फोनमध्ये बघा आणि माझ्याबरोबर टाळी वाजवा. मी टाळी दिली. त्यांची टाळी भिंतीतून आली ती माझ्या मागे, फोनमधून आली ती आणखी मागे. मध्ये वीतभर भिंत. मी परत सांगितलं, परत तेच. सात-आठ वेळा केलं. बिचाऱ्या बाई म्हातारा म्हणेल तसं करत राहिल्या. माझी टाळी नातीपर्यंत उशिरा जात होती. पोचलेल्या त्या टाळीबरोबर पोरगी बरोबर वाजवत होती. तिची टाळी परत माझ्यापर्यंत यायला तेवढाच उशीर. आणि त्या सगळ्या उशिराचा हिशेब मी पोरीच्या नावावर घातला होता. अंगण खरंच वाकडं होतं आणि मी एकतीस वर्षांचा मास्तर त्याकडे न बघता नाचणाऱ्याला बोल लावत बसलो होतो.

बाईंना चहा विचारायचंही मला राहिलं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोर मोकळ्या प्लॉटच्या पलीकडे नवी इमारत चढतेय. तिथे एक माणूस लोखंडी गजावर हातोडा घालत होता. हातोडा खाली पडताना दिसायचा, आणि आवाज यायचा तो हातोडा परत वर गेल्यावर. यात नवीन काही नाही. नदीपलीकडे कोणी धुणं आपटत असलं की खेड्यातल्या पोरालाही हे दिसतं. मीही माझ्या गावी, पिशोरला, लहानपणी बघितलं होतं. पण त्या दिवशी मी त्या हातोड्याकडे बघत असताना मला एकदम आमचं पटांगण दिसलं. मी या टोकाला टेबलावर, ढोल माझ्या पोटाशी. कुंपण त्या टोकाला. ढोलाचा ठोका तिथपर्यंत जायला वेळ लागणार, तिथली लेझीम माझ्यापर्यंत यायला वेळ लागणार. म्हणूनच ती रांग दर वर्षी मागे पडायची, रांगेत पोरं कोणतीही असोत. आणि त्या रांगेत माझं पोर मी माझ्या हाताने नेऊन उभं केलं होतं.

मी गॅलरीतल्या खुर्चीत बसलो. बायको असती तर तिला हाक मारून सांगितलं असतं, आणि ती म्हणाली असती, मी तेव्हाच सांगत होते. तिने तेव्हा खरंच सांगितलं होतं, पोराला पुढं घ्या म्हणून. मी ऐकलं नाही. हे आता सांगायला माणूस उरलं नव्हतं.

फोनच्या उशिराचं मी त्या रात्री मुलाला कळवायला हवं होतं. नाही कळवलं. नुसता फोनचा दोष सांगायचा तर मागचं पटांगणही सांगावं लागलं असतं, आणि चूक कबूल करायची माझ्या तोंडाला सवय नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. मी ठरवलं की आधी पोरीचे हात मोकळे करायचे.

पुढच्या रविवारी मी टाळीचं नावच काढलं नाही. मुलाला म्हणालो, तिला नुसतं ऐकू दे, समोर नाही आली तरी चालंल. आणि फोनच्या मागे धरून साबुदाण्याचा डबा हलवला. मग शेंगदाण्याचा. मग लायटर टिकटिकवला. तिकडून काहीच नाही. मी पेल्यात पाणी ओतलं. तिकडच्या सोफ्याच्या मागून एक आवाज आला, "पाणी." मी पुढचा आवाज काढला. असे तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी ती सोफ्यावरून माझ्याकडे बघत होती. हात मात्र खिशात.

मग ती म्हणाली, "आता मी. आबा, तू ओळख."

फोनवर अंधार झाला, तिने कॅमेऱ्यावर बोट ठेवलं असणार, आणि एक आवाज आला. खर्रर्र. "चाळणी," मी म्हणालो. "नाय." "खवणी." "नाय, नाय." ती जॅकेटची चेन होती. पुढचा आवाज मला मडक्यासारखा वाटला, ती खोली गरम करायची लोखंडी पेटी होती. दार, कुलूप, पावाचा डबा, बाहेरून जाणारी ट्राम. मी एकही ओळखू शकलो नाही. तिला भारी मजा येत होती आणि मीही हसत होतो, पण आतून मला फार एकटं वाटत होतं. माझ्या मुलाच्या घरातला एक आवाज मला ओळखीचा नव्हता. तिथे दार कसं वाजतं हेसुद्धा मला माहीत नाही.

त्या दिवशी मी तिला विहिरीचं सांगितलं. आमच्या मळ्यात विहीर होती. आम्ही पोरं काठावर पालथी पडून आत 'कू' म्हणायचो आणि विहीर परत 'कू' म्हणायची. नियम एकच. विहीर बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. विहिरीला घाई करायची नसते. "आता तू विहीर," मी म्हणालो. मी टेबलावर बोटाने दोनदा ठोकलं आणि थांबलो. जरा वेळाने दुधाच्या कपावर चमचा दोनदा वाजला. मी तीनदा ठोकलं, थांबलो. तीनदा आलं. कितीही उशिरा येऊ दे, विहिरीला उशीर होत नाही. मग तिचं म्हणणं पडलं की आता आबा विहीर. ती वाजवायची आणि डोळे विस्फारून माझी वाट बघायची. ती वाट बघण्याची तऱ्हा मला ओळखू आली.

चमचा बरेच रविवार चालला. मी वाट बघितली. आयुष्यात मी इतकी वाट कोणत्या पोराची बघितली नसेल. आणि मागच्या रविवारी चमचा सापडेना. तिने कपाच्या मागे बघितलं, खाली बघितलं, आणि इकडे मी शेवग्याची शेंग ठोकून बसलेला. विहिरीने उत्तर द्यायलाच हवं. तिने हात वर घेतले आणि चार टाळ्या वाजवल्या. तिच्या लक्षातही आलं नाही. माझ्या तोंडात 'शाब्बास' आलं होतं, ते मी गिळलं. मी नुसता बटाटा ठोकला. तीन टाळ्या आल्या. मला डोळे पुसायचे होते, पण मी हलायचं टाळलं.

थोड्या वेळाने तिला आईने बूट घालायला बोलावलं, बागेत जायचं होतं. ती पळाली. फोनसमोर मुलगा एकटा राहिला. कानशिलावर केस पिकायला लागलेत त्याचे. तो तिच्या मागे बघत हसत होता. त्यानेही त्या टाळ्या ऐकल्या होत्या.

मला काय झालं कोण जाणे, मी टेबलावर ठोकलं. मेथी. आणि थांबलो.

तो माझ्याकडे बघून हसला. हात हलवले नाहीत. "मला नाय जमत, अण्णा," तो म्हणाला. "माझ्यात ताल नाय ना. फोनमधी आवाज उशिरा जातो हे मला ठाऊक हाय, माझ्या कामाच्या मिटिंगा रोज फोनवरच असत्यात. पण तुम्ही तिला बोललात तवा माझ्या डोक्यातच आलं नाय. मला खरंच वाटलं, पोरगी माझ्यावर गेली."

अगदी सहज बोलला तो. आपल्याला वांगं आवडत नाही, असं माणूस जसं सांगतो तसं. राग नाही, कुरकुर नाही. सहावीत सांगितलेलं त्याने अडतीस वर्षांचा होईपर्यंत जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. मी मास्तर होतो, आणि त्याचा बाप. माझं खोटं कसं निघेल?

"तू शेवटच्या रांगेत व्हतास," मी म्हणालो. "तुझी जागा पहिल्या रांगेत व्हती. लोक बोलतील म्हणून मी तुला मागं घातलं. माझा ढोल तिथं उशिरा यायचा. तू बरोबर वाजवत व्हतास. मला उशिरा ऐकू यायचं. चुकलो मी, बाळा."

माझं बोलणं तिकडे पोचायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ त्याच्या तोंडावर मघाचंच हसू होतं, आणि मी हात टेबलावर ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत थांबलो.